कॉम्पोनंटने बॉडीला क्लास लावला, तर तो काढायचा कोणी?

शनिवारपेठ

नमस्कार मंडळी,

अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकाच्या दुकानाची वेबसाइट आम्ही रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत नव्याने करतोय. जुनी वर्डप्रेसवर होती. मालकांना रंगरूप आहे तसंच हवंय, म्हणून जुनी स्टाइलशीट जवळपास जशीच्या तशी उचलली. तिच्यातले कितीतरी नियम बॉडी टॅगच्या क्लासवर (त्याला लावलेल्या नावावर) बेतलेले आहेत. पुस्तकाच्या पानावर किंमत कुठे दिसणार, यादीत चित्रं केवढी असणार, ‘वाचून पहा’मध्ये सगळं पान तांबूस कसं होणार, हे सगळं बॉडीवर कुठला क्लास आहे त्यावर ठरतं.

रिअ‍ॅक्टचा सगळा कारभार मात्र रूट नावाच्या एका डिव्हच्या आत. बॉडी आणि एचटीएमएल त्याच्या बाहेर. आधीच्या टीमने जिथे गरज पडली तिथे कॉम्पोनंटमधूनच (पानाच्या स्वतंत्र तुकड्याच्या कोडमधूनच) डॉक्युमेंट.बॉडी.क्लासनेमला नवी व्हॅल्यू देऊन टाकली आहे. त्यामुळे होतं काय, की रात्रीची थीम लावून ‘वाचून पहा’ उघडलं की पान तांबूस होतं, पण थीम उडते. मागे यादीवर आलं तरी तांबूस रंग तसाच. खरेदीची टोपली उघडल्यावर मागचं पान स्क्रोल होऊ नये म्हणून एक क्लास लागतो, तो कधी निघतो, कधी निघत नाही. रिफ्रेश केलं की सगळं ठीक.

जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांची गर्दी सुरू व्हायच्या आत हे मार्गी लावायचं आहे. कॉम्पोनंटमधून बॉडीला हात लावणं मुळात योग्य आहे का? आणि लावायचाच तर कसा?

मुठाकाठ

क्लासनेमला थेट व्हॅल्यू देणं आधी बंद करा. ती एक सलग स्ट्रिंग आहे, नवीन लिहिली की जुनं सगळं पुसलं जातं. तुमची थीम उडते ती यामुळेच. शिवाय बॉडीवर तुमच्याखेरीज इतरही लिहीत असतात: चॅटची खिडकी, फॉन्ट लोडर, एखादं ब्राउझर एक्स्टेन्शन. त्यांचंही पुसलं जातं. त्याऐवजी क्लासलिस्ट वापरा, तिचे अ‍ॅड आणि रिमूव्ह फक्त दिलेल्या नावाला हात लावतात.

दुसरं, लावणं आणि काढणं एकाच युजइफेक्टमध्ये (पानाच्या बाहेरची कामं करायच्या रिअ‍ॅक्टच्या जागेत) ठेवा. इफेक्टमध्ये अ‍ॅड, आणि त्याच इफेक्टने परत दिलेल्या क्लीनअप फंक्शनमध्ये रिमूव्ह. क्लासचं नाव बदलतं असेल (समजा थीमप्रमाणे) तर ते डिपेन्डन्सीत, म्हणजे काय बदललं की इफेक्ट पुन्हा चालावा त्या यादीत, टाका. रिअ‍ॅक्ट नवा इफेक्ट चालवण्याआधी जुन्याचं क्लीनअप चालवतो, आणि त्या क्लीनअपला जुनंच नाव दिसत असतं. त्यामुळे जे लावलं तेच निघतं.

टॉगल वापरलंत तर दुसरा आर्ग्युमेंट न विसरता द्या, ट्रू किंवा फॉल्स. नुसतं टॉगल म्हणजे ‘आहे ते उलटं कर’. दोन ठिकाणांहून तसं झालं की हिशेब गेलाच. डेव्हलपमेंटमध्ये स्ट्रिक्ट मोड (चुका पकडायची सोय) असेल आणि इफेक्टला क्लीनअप नसेल तर एका ठिकाणाहूनही जातो, कारण रिअ‍ॅक्ट १८ पासून तिथे कॉम्पोनंट माउंट होताना (पानावर येताना) इफेक्ट चालतो, क्लीनअप होतो आणि इफेक्ट पुन्हा चालतो.

औंधकर

मी उलटा विचार करतो. बॉडी हवीच कशाला? रूटच्या आत सगळ्यात वर एक डिव्ह ठेवा आणि क्लास त्याच्यावर लावा. तो डिव्ह रिअ‍ॅक्टचाच, म्हणजे क्लास स्टेटमधून आपोआप येईल आणि आपोआप जाईल. इफेक्ट नको, क्लीनअप नको. स्टाइलशीटमध्ये ‘बॉडी डॉट अमुक’च्या जागी ‘डॉट अमुक’ असं शोधा-बदला केलं की काम झालं. कॉम्पोनंटने आपल्या चौकटीबाहेरच्या गोष्टीत लक्ष घालू नये असं माझं ठाम मत आहे.

शनिवारपेठ

औंधकर, तेच आधी करून बघितलं. पण तीन ठिकाणी अडतं. टोपली आणि सगळे डायलॉग पोर्टलने (कॉम्पोनंट दुसऱ्या जागी काढायच्या सोयीने) थेट बॉडीत जातात, त्यामुळे वरच्या डिव्हवरची थीम त्यांना लागत नाही. स्क्रोल थांबवायचं ते अख्ख्या पानाचं, डिव्हचं नाही. आणि कवितेसारखं छोटं पान असलं की तांबूस रंग मजकुरापुरताच राहतो, खाली पांढरी पट्टी.

तिसऱ्यात अजून एक गंमत आहे. बॉडीवर रंग लावला तरी काही पानांवर ती पांढरी पट्टी राहतेच. सगळ्या पानांवर नाही.

तळजाई

पांढऱ्या पट्टीचं सांगतो, कारण ते कळलं की बॉडी-एचटीएमएलवर क्लास का लावावा लागतो हेही कळतं.

ब्राउझरमध्ये पानाच्या मागे एक कॅनव्हास असतो. तो रंगवताना ब्राउझर आधी एचटीएमएलची बॅकग्राउंड बघतो. तिथे काहीच दिलेलं नसेल तर बॉडीची बॅकग्राउंड उचलून पूर्ण कॅनव्हासला लावतो. म्हणून एरवी बॉडीची उंची चार बोटं असली तरी रंग खिडकीभर दिसतो. पण कोणी एचटीएमएललाच पांढरी बॅकग्राउंड दिली की कॅनव्हास तिने रंगतो, आणि बॉडीचा तांबूस रंग बॉडीच्या चौकटीत अडकतो. तुमच्याकडे काही पानांच्या सीएसएसमध्ये एचटीएमएलला पांढरा रंग दिलेला असणार. शोधा, सापडेल.

ओव्हरफ्लोचंही तसंच. बॉडीवरचं ओव्हरफ्लो हिडन खिडकीला लागू होतं ते एचटीएमएलचं ओव्हरफ्लो मूळचं, म्हणजे व्हिजिबल असेल तरच. आडवा स्क्रोलबार घालवायला एचटीएमएलवर ओव्हरफ्लो-एक्स हिडन लिहिणारे खूप असतात. ते लिहिलं की खिडकी एचटीएमएलचं ऐकते. मग बॉडीवर क्लास बरोबर लागलेला दिसतो, इन्स्पेक्टरमध्ये ओव्हरफ्लो हिडनही दिसतं, आणि पान तरी खुशाल स्क्रोल होतं. टोपलीची तक्रार क्लास न निघण्याचीच आहे की यातलीही थोडी आहे, हे तपासा.

रेम हे मापसुद्धा एचटीएमएलच्या फॉन्टच्या आकारावरून निघतं. खिडकीचा स्क्रोलबार गडद व्हायचा तर कलर-स्कीम मुळाशी, म्हणजे एचटीएमएलवरच द्यावी लागते. तेव्हा औंधकर, चौकटीचं तुमचं तत्त्व मला मान्य आहे, पण या चार गोष्टी पूर्ण दस्तऐवजाच्या आहेत. आतल्या डिव्हवरून त्या साधत नाहीत.

शनिवारपेठ

तळजाई काका, सापडलं! पुस्तकाच्या पानाच्या फाइलमध्ये एचटीएमएलला पांढरा रंग होता, आणि बेस फाइलमध्ये ओव्हरफ्लो-एक्स हिडन. दोन्ही काढले. पट्टी गेली. स्क्रोलचं निम्मं दुखणंही गेलं.

निम्मं राहिलं ते असं: टोपली उघडी असताना आतून ‘सवलतीचा कोड’ उघडला आणि बंद केला, की मागचं पान स्क्रोल व्हायला लागतं. टोपली अजून उघडीच असते.

दगडीजिना

हे मोजणीचं प्रकरण आहे. पायरीपायरीने बघा.

टोपली माउंट झाली, तिने ‘स्क्रोल-बंद’ लावला. कोडचा डायलॉग माउंट झाला, त्यानेही लावला. पण क्लासलिस्टमध्ये एक नाव एकदाच राहतं, दुसऱ्या अ‍ॅडने काही बदललं नाही. डायलॉग बंद झाला, त्याच्या क्लीनअपने नियमाप्रमाणे ‘स्क्रोल-बंद’ काढला. दोन्ही कॉम्पोनंट आपापल्या जागी बिनचूक वागले आणि क्लास गेला. म्हणजे मुठाकाठ यांनी सांगितलेली पद्धत बरोबर असूनही अपुरी आहे. एकच क्लास मागणारे दोघं असले की ती पुरत नाही.

यावर उपाय म्हणजे कॉम्पोनंटने बॉडीला हात लावायचाच नाही, फक्त मागणी नोंदवायची. एक छोटं मोड्यूल करा. त्यात एक मॅप, क्लासचं नाव आणि मागणाऱ्यांची संख्या. मागणी आली की एक वाढवा; शून्यावरून एक झाली तरच अ‍ॅड. मागणी मागे घेतली की एक कमी करा. शून्य झाली तरच रिमूव्ह. हॉलमधून शेवटचा माणूस बाहेर पडला की दिवा बंद करायचा, तसं. कॉम्पोनंटसाठी एक हुक, समजा ‘युजबॉडीक्लास’, नाव द्या आणि विसरा. आत तोच इफेक्ट आणि तेच क्लीनअप, फक्त ते मॅपशी बोलतात. मग बॉडीवर लिहिणारी जागा संपूर्ण प्रोजेक्टमध्ये एकच उरते. काही अडलं तर ब्रेकपॉइंट कुठे लावायचा हा प्रश्नच नाही.

स्ट्रिक्ट मोडला घाबरू नका. एक वर, एक खाली, पुन्हा एक वर, हिशेब जुळतो.

स्क्रोल थांबवण्यासाठी मात्र युजलेआउटइफेक्ट घ्या. साधा युजइफेक्ट बऱ्याचदा ब्राउझरने चित्र काढल्यावर चालतो, मग एक क्षण स्क्रोलबार दिसून गायब होतो आणि पान उजवीकडे सरकल्यासारखं वाटतं. त्या सरकण्यावर स्क्रोलबार-गटर स्टेबल हा चांगला इलाज आहे, जागा आधीच राखून ठेवली जाते.

नवीपेठकर

माझा छोटा प्रश्न. हाच क्लास वर्डप्रेसमध्ये कधी त्रास देत नव्हता. मी पाच वर्षं थीम केल्या, क्लास काढायचा कधी विचारही केला नाही.

तळजाई

कारण तिथे काढायची वेळच येत नव्हती. बॉडी_क्लास हे फंक्शन वर्डप्रेस २.८ मध्ये, म्हणजे २००९ ला आलं. सर्व्हर प्रत्येक पानासाठी बॉडीचा टॅग नव्याने छापतो, त्यावर त्या पानापुरते क्लास. दुवा दाबला की जुनी बॉडी जाते, नवी येते. सिंगल पेज अ‍ॅपमध्ये टॅब उघडल्यापासून बंद होईपर्यंत बॉडी एकच. पानं बदलतात ती तिच्या पोटात. जो क्लास लागला तो कोणी काढेपर्यंत राहणार. शनिवारपेठ ताईंच्या स्टाइलशीटचा जन्म पहिल्या जगातला आहे आणि तिला दुसऱ्या जगात आणलं आहे, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

खराडीबायपास

आमच्याकडे अँग्युलर, म्हणून त्या बाजूचं थोडं. आम्ही डॉक्युमेंट थेट वापरत नाही, डॉक्युमेंट नावाचं टोकन इंजेक्ट करतो, म्हणजे सर्व्हरवर रेंडर होताना ‘डॉक्युमेंट सापडत नाही’ म्हणून कोसळत नाही. क्लास लावायला रेंडरर२ चे अ‍ॅडक्लास-रिमूव्हक्लास, काढायची जागा एनजीऑनडिस्ट्रॉय. आणि कॉम्पोनंटच्या सीएसएसमध्ये ‘बॉडीवर अमुक क्लास असेल तर मी असा दिसेन’ हे सांगायला होस्ट-कॉन्टेक्स्ट. अँग्युलरचा सीडीके (तयार सोयींचा संच) ओव्हरलेला स्क्रोल अडवायची ब्लॉक पद्धत दिली असेल तर तो उघडल्यावर स्वतः एचटीएमएलवर स्क्रोलब्लॉकचा क्लास लावतो, त्यामुळे तो वापरत असाल तर त्याच कामासाठी दुसरा क्लास आणू नका.

व्ह्यूवाल्यांसाठीही एक: कॉम्पोनंट कीपअलाइव्हमध्ये (जपून ठेवायच्या सोयीत) असेल तर पान सोडल्यावर अनमाउंटेड चालतच नाही. तो जिवंत असतो, फक्त बाजूला ठेवलेला. तिथे डीअ‍ॅक्टिव्हेटेडमध्ये क्लास काढावा लागतो आणि अ‍ॅक्टिव्हेटेडमध्ये परत लावावा लागतो.

औंधकर

दस्तऐवजाच्या गोष्टींचं पटलं. पण मग जावास्क्रिप्टच का? हॅज सिलेक्टर (पोटात अमुक आहे असा घटक निवडणारा) आता सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. सफारीत १५.४ पासून, क्रोममध्ये १०५ पासून, फायरफॉक्समध्ये १२१ पासून, म्हणजे डिसेंबर २०२३. सीएसएसमध्ये एक ओळ लिहा: ज्या एचटीएमएलच्या पोटात उघडा डायलॉग आहे त्याचं ओव्हरफ्लो हिडन. टोपली, कोड, कितीही थर असू देत. एक जरी उघडा असेल तोवर नियम लागू, शेवटचा बंद झाला की नियम गेला. मॅप नको, मोजणी नको. आणि पोर्टलमधला डायलॉगही एचटीएमएलच्या पोटातच असतो.

दगडीजिना

हे मला मनापासून आवडलं, आणि स्क्रोलसाठी मी हेच सुचवेन. ब्राउझरचा स्वतःचा डायलॉग टॅग शोमोडलने उघडला की मागचं सगळं निष्क्रिय होतं, क्लिक आणि टॅब तिकडे जात नाहीत, पण स्क्रोल काही थांबत नाही. ती उणीव या एका ओळीने भरून निघते.

पण सगळं हॅजवर सोपवू नका. त्याला दिसतं ते डॉममध्ये, म्हणजे पानाच्या घटकांच्या झाडात, आहे तेवढंच. वाचकाने रात्रीची थीम निवडली आहे, हे डॉममध्ये कुठे असतं? आणि एचटीएमएलवरच्या हॅजचा सिलेक्टर मोघम असेल तर मोठ्या पानावर ब्राउझरला दर बदलाला फेरतपासणी करावी लागू शकते. उघडा डायलॉग इतकी नेमकी खूण असेल तर बिनधास्त वापरा.

थीमसाठी मी क्लाससुद्धा नको म्हणेन. एचटीएमएलवर डेटा-थीम असा अ‍ॅट्रिब्यूट ठेवा. दिवस, रात्र, तांबूस यांतलं एका वेळी एकच खरं असतं, आणि अ‍ॅट्रिब्यूटमध्ये एकच व्हॅल्यू बसते. नवी लिहिली की जुनी गेली, काढायची आठवणच ठेवावी लागत नाही. क्लास अशा गोष्टींना ठेवा ज्या एकमेकींवर अवलंबून नाहीत.

मुठाकाठ

थीमवरून अजून एक, कारण हे लोकांच्या डोळ्यांत जातं, अक्षरशः. रात्री अंधारात फोन उघडला आणि आधी झगझगीत पांढरं पान, मग काळं. रिअ‍ॅक्टचा इफेक्ट चालायला बंडल (साइटचा जावास्क्रिप्ट कोड) उतरून सुरू व्हावं लागतं, तोवर ब्राउझरने पांढरं पान दाखवलेलं असतं. तेव्हा थीमची पहिली नोंद कॉम्पोनंटमधून करू नका. हेडमध्ये चार ओळींची इनलाइन स्क्रिप्ट ठेवा: लोकलस्टोरेजमध्ये निवड असेल तर ती, नसेल तर प्रिफर्स-कलर-स्कीमने फोनची पसंती विचारायची, आणि एचटीएमएलवर डेटा-थीम लिहून टाकायचा. बॉडी तेव्हा जन्मलेलीही नसते, म्हणून एचटीएमएलच. पुढे वाचकाने बटण दाबलं तर बदल कॉम्पोनंटकडून.

उद्या नेक्स्ट या रिअ‍ॅक्टवरच्या फ्रेमवर्कवर गेलात तर तिथे एचटीएमएलचा टॅग रिअ‍ॅक्टच काढतो. या स्क्रिप्टने त्यावर आधीच काही लिहिलेलं दिसलं की हायड्रेशनची (सर्व्हरवरून आलेलं पान रिअ‍ॅक्टने ताब्यात घेतानाची) तक्रार येते. त्या एका टॅगवर सप्रेस-हायड्रेशन-वॉर्निंग द्यायचं. आणि तिथे एचटीएमएलचा क्लासनेम रिअ‍ॅक्टकडून बदलत असाल तर त्याच टॅगवर क्लासलिस्टने वेगळं काही लावू नका. रिअ‍ॅक्टने क्लासनेम बदलला की पूर्ण स्ट्रिंग नव्याने लिहितो, तुमचं पुसलं जाईल. पुन्हा तेच दुखणं, फक्त मालक वेगळा.

अक्षरवेडी

धागा वाचतेय, वाचनखूण साठवली. मी टाइप डिझाइन करते, कोड फारसा नाही. पण मराठी पुस्तकांची साइट आहे म्हणून कळकळीने सांगते: एचटीएमएलवरचा लँग अ‍ॅट्रिब्यूट बघा हो. तयार टेम्प्लेटमधून घेतलेल्या साइटवर तो इंग्रजीच राहिलेला असतो.

ज्या देवनागरी फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळी रूपं दिली आहेत, तिथे ब्राउझर लँग बघूनच ती निवडतो. लँग मराठी असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर त्याच फॉन्टमधून हिंदी वळणाचे. मराठी वर्णमालेबद्दल महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ ला काढलेल्या निर्णयात या दोन अक्षरांचं वळणही ठरवून दिलं आहे, आणि आपण पुस्तकं विकणारी साइट हिंदी वळणात दाखवायची? शिवाय स्क्रीन रीडर वाचताना कुठल्या भाषेचा आवाज लावायचा तेही यावरूनच ठरवतो. जे पुस्तक ऐकूनच घेणार आहेत त्यांचं सगळं गणित या दोन अक्षरी कोडवर आहे.

शनिवारपेठ

अक्षरवेडी, खूप खूप आभार. लँग इंग्रजीच होता. साइटला मराठी-इंग्रजी बटण आहे आणि ते फक्त मजकूर बदलत होतं. आता भाषा बदलली की लँगही बदलतो, त्याच मोड्यूलमधून. पहिल्याच पानावर ‘शालेय’ हा शब्द आहे, त्यातली दोन्ही अक्षरं बदललेली मालकांना फोनवर दाखवली. ते छापखान्यातले, बघताक्षणी ओळखलं त्यांनी.

बाकीचं: थीम डेटा-थीमवर नेली, हेडमध्ये स्क्रिप्ट टाकली. टोपली आणि डायलॉग खरे डायलॉग टॅग केले, स्क्रोल हॅजने थांबतो. जुन्या स्टाइलशीटला लागणारे पानांचे क्लास युजबॉडीक्लासमधून, मोजणीसकट. क्लासनेमला थेट लिहिणारी एकही ओळ आता प्रोजेक्टमध्ये नाही, आणि पुन्हा कोणी लिहिली तर लिंटर (कोड तपासणारं साधन) अडवेल असा नियम घातला.

एकच राहिलंय. यादीवरून पुस्तकाच्या पानावर जाताना मध्ये क्षणभर मांडणी विस्कटते. फोनवर, नेट हळू असलं की जास्त.

मुठाकाठ

पुस्तकाचं पान लेझी लोड (लागेल तेव्हाच उतरणारं) होतंय ना? मग यादी अनमाउंट झाली, तिचा क्लास गेला. नव्या पानाचा कोड अजून उतरतोय, त्या जागी सस्पेन्सचा फॉलबॅक (कोड येईपर्यंतचा तात्पुरता मजकूर) दिसतोय, आणि बॉडीवर कुठलाच पान-क्लास नाही. हेडर-फूटरवरचे जुने नियम तेवढ्या वेळात सुटतात. क्लासची मागणी पानाच्या कॉम्पोनंटकडून काढा. राउटच्या (साइटवरच्या वाटेच्या) नोंदीतच लिहा की या वाटेला हा क्लास, आणि सस्पेन्सच्या वर असलेल्या लेआउटने चालू राउट बघून युजबॉडीक्लास बोलवावा. लेआउट अनमाउंट होत नाही, त्यामुळे जुना काढणं आणि नवा लावणं एका दमात होतं. इथेही युजलेआउटइफेक्टच असू द्या.

दगडीजिना

यात टेस्टचाही फायदा आहे. जेएसडॉममध्ये (टेस्टसाठीच्या ब्राउझरच्या नकलेत) एका फाइलमधल्या सगळ्या टेस्टना बॉडी एकच मिळते. पानं स्वतः बॉडीला हात लावत असतील तर एका टेस्टचा राहिलेला क्लास पुढच्या टेस्टला पास करून टाकतो. मोड्यूलला एक रीसेट द्या आणि प्रत्येक टेस्टनंतर बोलवा.

शनिवारपेठ

राउटच्या नोंदीत हलवलं. फोनवर नेट मुद्दाम हळू करून पाहिलं, आता हेडर जागचं हलत नाही. रीसेटही घातला, आणि त्याबरोबर दोन जुन्या टेस्ट फेल झाल्या. दोन्ही टोपलीच्या आहेत. आज त्यांच्यावर बसते.

तळजाई

टोपलीच्या टेस्टमध्ये क्लास आहे का हे तपासत असाल तर ते काढून टाका, तो क्लास आता उरलेलाच नाही. डायलॉगवर ओपन अ‍ॅट्रिब्यूट आहे का तेवढं बघा. तुमच्या जेएसडॉममध्ये शोमोडल नसेल तर टेस्टच्या सेटअपमध्ये त्याची साधी नक्कल ठेवावी लागेल. खरा स्क्रोल थांबतो का हे जेएसडॉमला कळणार नाही, कारण त्यात लेआउटच नसतो. त्यासाठी खऱ्या ब्राउझरात टेस्ट चालवणाऱ्या प्लेराइटमध्ये एक टेस्ट लिहा: टोपली उघडा, कोड उघडा, कोड बंद करा, माऊसचं चाक फिरवा, आणि खिडकीचा स्क्रोल-वाय होता तेवढाच आहे का बघा.